ऋण काढून सण

आमच्या एका स्नेह्यांच्या लग्नास गेल्या मार्गशीर्षांत पंचवीस वर्षें पूर्ण झालीं. स्नेही मूळचे सुप्याचे. नोकरीनिमित्त पुण्यास स्थायिक झालेले. त्यांच्या मुलांनीं आईवडिलांस आणि आम्हां चार-दोन जवळच्या मंडळींस एका इटालियन उपाहारगृहांत मेजवानी दिली. लग्नाचा वाढदिवस हा सण आमच्या वडिलांच्या पिढीस ठाऊक नव्हता. त्यांच्या लक्षांत तिथि राही ती श्राद्धाची. पण नवा सण कांहीं वाईट नव्हता. मेणबत्तीच्या उजेडांत पास्ता आला, वाइनची बाटली आली, आणि स्नेह्यांच्या पत्नीनें "हें द्राक्षासवच समजायचें ना?" असें विचारून पेला ओठांस लावला.

विघ्न आलें तें शेवटीं. स्नेह्यांचे चुलते, ज्यांस घरांतील सर्व मुलें आबा म्हणतात, त्या दिवसापुरते सुप्याहून मुद्दाम आले होते. बिलाचा आंकडा त्यांनीं चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "लग्नांत एकदां उधळलें तें उधळलें, आतां दरसाल उधळायचें काय? ऋण काढून सण करायची आपली खोड जायची नाहीं." धाकटा नातू म्हणाला, "आबा, ऋण कुठें काढलें? कार्डावर दिले." या उत्तरानें आबांचें समाधान झालें नाहीं, आणि खरें म्हणजे होण्यासारखें तें उत्तरही नव्हतें.

तथापि घरीं परततांना आमच्या मनांत आलें कीं, कुणब्याच्या दारिद्र्याचें मूळ त्याच्या लग्नकार्यांत आहे, हा आरोप आबांचा स्वतःचा नव्हे. तो शहाण्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या केलेला आहे. आणि त्याची रीतसर चौकशी एकदां झाली ती आबांच्याच गांवामुळें.

बुधवार, १२ मे १८७५ हा दिवस. तेव्हांच्या भीमथडी तालुक्यांत मोडणाऱ्या सुप्यांत त्या दिवशीं बाजार भरला होता. सुपें ही मोठी पेठ, आणि गुजर-मारवाडी सावकारांचें ठाणें. आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. धान्य व कापड लुटलें गेलें खरें. पण जमावाचें लक्ष होतें कागदांवर. खतें, रोखे, हिशेबाच्या वह्या बाहेर ओढून त्यांची होळी करण्यांत आली. लौकरच हा वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गांवीं पसरला. बहुतेक ठिकाणीं पद्धत एकच: कागद मुकाट्यानें दिले तर सावकाराच्या अंगास सहसा हात लागत नसे. दंगा म्हणून इतिहासांत नोंदलेल्या गोष्टींत इतकी शिस्त क्वचितच आढळते.

कागदाचाच एवढा राग कां? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्याचें आयुष्य तीन वर्षांचें ठरविलें होतें. व्याज फार काळ सांचूं नये, हा हेतु चांगला होता. घडलें तें उलट. दर तीन वर्षांनीं सावकार नवा रोखा लिहून घेई. मागील व्याज त्यांत मुद्दल होऊन बसे आणि त्या मुद्दलावर पुनः व्याज चढूं लागे. कुणबी अंगठा उठवी. कागदांत काय लिहिलें आहे हें त्यास वाचतां येत नसे, आणि कोर्टांत मात्र तो कागदच बोलत असे. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचें उदाहरण पुढें चौकशींत निघालें.

त्यांत काळ फिरला. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालली असतां इकडील कापसास सोन्याचा भाव आला आणि सावकारानें थैली मोकळी सोडली. युद्ध संपलें, भाव कोसळला, थैलीचें तोंड आवळलें गेलें. नेमक्या त्याच सुमारास इंदापुरांत १८३६ साली बांधून दिलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत सरली, आणि नवी आकारणी जुनीच्या दिडीहूनही वर गेली. उत्पन्न घटावें आणि सारा वाढावा, अशा कात्रींत रयत सांपडली.

सरकारनें चौकशीसाठीं आयोग नेमला. आपण वाढविलेला सारा हें मुख्य कारण म्हणून कबूल करण्यास सरकार राजी नव्हतें, हें वाचकांस सांगावयास नकोच. तो सर्व भार सावकाराच्या डोक्यावर टाकणें त्यास अधिक सोईचें होतें. परंतु लग्नखर्चाविषयीं आयोगानें जो निवाडा दिला तो सरळ होता. लग्नें व सण यांच्या खर्चास कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां फार महत्त्व दिलें गेलें आहे, असें त्यानें लिहिलें. कुणब्याच्या ऐपतीच्या मानानें लग्नांत खर्च जास्त होतो खरा. पण लग्न रोज होत नाहीं, आणि आयुष्यभराची बेरीज केली तर त्याच्यासारख्या माणसानें घरच्या सुखासमाधानासाठीं जितकें खर्चणें रास्त, त्याहून ती अधिक भरत नाहीं. त्याचें कर्ज फुगतें तें वारंवार काढाव्या लागणाऱ्या किरकोळ रकमांनीं: पोटासाठीं धान्य, बियाणें, बैल, आणि सरकारचा सारा. परक्या अधिकाऱ्यांनीं कुणब्याच्या आनंदास जो हक्क दिला, तो आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षितांनीं मनांतून अद्यापि दिलेला नाहीं, असें आम्हांस वाटतें. महात्मा फुल्यांस १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहितांना याच आरोपाचा समाचार घ्यावा लागला. आजही एखाद्या शेतकऱ्यानें आत्महत्या केली कीं मुलीच्या लग्नाचा खर्च प्रथम मोजणारे लोक आहेत. पाऊस, भाव आणि बियाणें ते मागाहून मोजतात.

१८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा झाला. कोर्टास रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार पाहण्याचा अधिकार मिळाला, कर्जापायीं कुणब्यास तुरुंगांत टाकणें बंद झालें. मात्र पाऊस कायद्यानें पडत नाहीं. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला आणि बारामतीकडील जमिनीचें रूप पालटलें. उंस आला, पुढें द्राक्षें आलीं. सुपें उंचावर, कालव्याचें पाणी तेथवर चढेना. जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजना अलीकडच्या. तालुका एकच, पण एका अंगास बागाईत आणि दुसऱ्या अंगास आभाळाकडे डोळे, हा भेद तेथें फिरणाऱ्यास आजही दिसतो.

द्राक्षांपाठोपाठ वाइनही आली. बारामतीस पूर्वीं 'बोस्का' या नांवाची वाइन होत असे; तें नांव इटलीच्या पीडमाँट प्रांतांतील, कानेल्ली गांवच्या, १८३१ साली स्थापन झालेल्या एका पेढीचें. पुढें २००१ साली महाराष्ट्र सरकारनें वाइनच्या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें, आणि पाटस-बारामती रस्त्यावर रोटी या गांवीं एक मोठा कारखाना उभा राहिला. वाइन रोटीची, हा विनोद आम्ही केलेला नाहीं. तो नकाशानेंच केला आहे.

कारण त्या रात्रीं टेबलावरची बाटली तेथलीच होती. बिलाची कुरकुर निवाल्यावर नातवानें ती आबांपुढें धरली आणि म्हणाला, "आबा, ही इटलीची नाहीं, आपल्या रोटीची आहे." आबांनीं पुनः चष्मा चढविला, लेबल सावकाश वाचलें, बाटली उलटी-सुलटी करून पाहिली. मग त्यांनीं नातवास विचारलें, "द्राक्षं लावलीं तें ठीक. पण त्यांना पाणी कुठलं?"

टेबलाभोंवतीं आम्ही नऊजण होतों. एकासही तें ठाऊक नव्हतें.