‘रहबर’ ते ‘गीतमाला’

‘बिनाका गीतमाला’चे अमीन सयानी सर्वांस ठाऊक, त्यांच्या मातोश्री मात्र थोड्यांनाच.

कुलसुम सयानी मुंबईत घरोघर जाऊन स्त्रियांना लिहावाचावयास शिकवीत. नवसाक्षरांसाठी १९४० ते १९६० पर्यंत त्यांनी ‘रहबर’ हे पाक्षिक चालविले. लिप्या तीन: देवनागरी, उर्दू व गुजराती; भाषा मात्र एकच, साधी हिंदुस्तानी. लहानपणी अमीनभाई त्या कामी हातभार लावीत. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा तीच सोपी बोली त्यांच्या मुखी होती.

मी सातवी शिकलेली. चारचौघींत पुस्तकी बोलणे निघाले की गप्प बसते. पण अमीनभाईंचा एक शब्दही मला कधी अडला नाही. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा कारण उमगले. ते शब्द त्यांच्या आईने आमच्यासारख्यांसाठीच निवडले होते.