महाजन, सुरतेचे

महाजन, सुरतेचे : सुरत शहरात एका धंद्यातील व्यापाऱ्यांच्या व्यवहाराचे व परस्परवर्तनाचे नियमन करणारे मंडळ. गुजरातेत अशी मंडळे मध्ययुगापासून आढळतात, मुघल अमलात सुरत प्रमुख बंदर झाल्यावर तेथील सराफांची व कापडव्यापाऱ्यांची महाजने प्रबळ झाली (पहा : सराफी, हुंडी). महाजनाचा प्रमुख शेठ, तर साऱ्या शहराचा नगरशेठ असे. सुट्ट्या ठरवणे, तंटे मिटवणे ही महाजनाची कामे. नियम मोडणाऱ्यास दंड, न जुमानल्यास बहिष्कार. दंडाचा पैसा बहुधा पांजरापोळीस (जनावरांच्या आश्रयस्थानास) जाई. कारागिरांची ‘पंच’ नावाची मंडळे वेगळी असत, त्यामुळे महाजनाचे संरक्षण मुख्यतः व्यापाऱ्यांपुरतेच राही. व्यापाऱ्यांच्या एकजुटीचे ठळक उदाहरण १६६९ चे : सुरतेच्या काझीच्या धर्मांतराच्या सक्तीविरुद्ध त्या सप्टेंबरात व्यापारी भीमजी पारेख यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ८,००० वाणी आपली कुटुंबे मागे ठेवून भडोचला गेले. सुरतेची टांकसाळ व जकातघर बंद पडले. औरंगजेबाच्या आश्वासनानंतर डिसेंबरअखेर ते परतले. दानशूरतेच्या लौकिकाचे मोल महाजनाबाहेरही होते : सुरतेवरील १६६४ च्या स्वारीत शिवाजी महाराजांनी एका दिवंगत डच दलालाचे घर, तो दानशूर होता म्हणून, लुटीतून वगळल्याचे फ्रेंच प्रवासी बर्निए नोंदवतो (पहा : सुरतेची लूट).