‘कमळ’चे ‘क्मळ’ कोणी केले? वर्ड प्रोसेसरमधील अदृश्य निर्णयांचा इतिहास

१/
नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये मराठी मजकूर टाइप करणाऱ्यांना एक चमत्कारिक अनुभव येत असे. वाक्याच्या आरंभी ‘कमळ’ लिहावे, स्पेसबार दाबावा आणि पडद्यावर ‘क्मळ’ उमटावे. बोट चुकलेले नसे, फॉन्टही बिघडलेला नसे. संगणकाने लेखकाला न विचारता त्याची ‘चूक’ सुधारलेली असे. या आगंतुक दुरुस्तीचा उगम कोठे झाला आणि तिला लगाम कसा घातला गेला, याची ही हकीकत.

२/
आरंभीचे वर्ड प्रोसेसर इतके उत्साही नव्हते. १९७८ साली मायक्रोप्रो कंपनीने वर्डस्टार बाजारात आणला. रॉब बार्नाबी यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम सांगितले तेवढेच करणाऱ्या कारकुनासारखा होता. ठळक अक्षर हवे असल्यास कंट्रोल कळीने तशी खूण टाकावी लागे. पानाची लांबी बदलायची असल्यास ओळीच्या आरंभी टिंब देऊन आज्ञा लिहावी लागे. शिकायला कष्ट पडत, परंतु मांडणीचा निर्णय कोणी घेतला याविषयी संशय राहत नसे.

३/
पुढे लोकप्रिय झालेल्या वर्डपरफेक्टने आज्ञा पडद्याआड नेल्या, तरी त्या पाहण्याची सोय ठेवली. ‘रिव्हील कोड्स’ ही आज्ञा देताच पडद्याचा खालचा भाग उघडे आणि ठळक अक्षर कोठे सुरू झाले, समास कोठे बदलला, हे सारे संकेत मजकुरासह दिसू लागत. नको तो संकेत पुसला की मांडणी पूर्ववत होई. अनेक वकील आणि टंकलेखक या प्रोग्रॅमला वर्षानुवर्षे चिकटून राहिले, त्यामागे ही पारदर्शकता हे एक मोठे कारण होते.

४/
याच काळात दुसरा प्रवाह कॅलिफोर्नियात वाहत होता. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ साली बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्राव्हो’ हा प्रोग्रॅम घडवला. कागदावर जे उमटणार तेच पडद्यावर दिसावे, ही त्यामागची कल्पना. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि १९८३ मध्ये ‘वर्ड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिचा बराचसा प्रोग्रॅम रिचर्ड ब्रॉडी यांनी लिहिला होता.

५/
वर्डची अंतर्रचना वर्डपरफेक्टहून मुळातच निराळी. येथे परिच्छेदाची मांडणी मजकुरात पेरलेल्या संकेतांत नसते. ती परिच्छेदाच्या अखेरीस असलेल्या खुणेत साठवलेली असते. ही खूण सहसा दिसत नाही. ती चुकून पुसली गेली की दोन परिच्छेद एकत्र होतात आणि एकाची मांडणी दुसऱ्यावर चढते. मांडणी ‘आपोआप’ बिघडल्याच्या असंख्य तक्रारींचे मूळ या एका न दिसणाऱ्या खुणेत सापडते.

६/
याहून अधिक अदृश्य होती ‘नॉर्मल डॉट’ नावाची फाईल. वर्डमध्ये नवा कोरा कागद उघडला की तो या साच्यातून जन्म घेतो. फॉन्ट कोणता, अक्षराचा आकार किती, समास किती, हे सारे त्या साच्याने आधीच ठरवलेले असते. लेखकाने पहिले अक्षर उमटवण्यापूर्वी कोणीतरी डझनभर निर्णय घेऊन ठेवलेले असतात. वर्डचा कोरा कागद खऱ्या अर्थाने कोरा कधीच नव्हता.

७/
१९९३ मधील वर्ड ६ने या साच्याच्या जोडीला ‘ऑटोकरेक्ट’ आणला. त्यामागे मायक्रोसॉफ्टमधील डीन हाचामोविच यांचे काम होते. लघुरूप लिहून ठरावीक कळ दाबली की पूर्ण मजकूर उमटवणारी सोय वर्डमध्ये आधीपासून होती. तिचाच उपयोग करून घाईत उलटसुलट पडलेली इंग्रजी अक्षरे सुधारता येतील, हे त्यांनी ओळखले. पुढची युक्ती निर्णायक ठरली : वेगळी कळ कशाला? प्रत्येक शब्दानंतर स्पेसबार दाबला जातोच. दुरुस्तीचा इशारा तोच समजावा.

८/
येथे सत्तेचे सूक्ष्म हस्तांतर झाले. पूर्वी लेखक आज्ञा देई आणि मग यंत्र हलत असे. आता लेखकाची प्रत्येक साधी हालचाल हीच आज्ञा मानली जाऊ लागली. वाक्यातील पहिले अक्षर मोठे करणे, सरळ अवतरणचिन्हे वळणदार करणे, आकड्याने सुरू झालेल्या ओळीची यादी बनवणे, अशा सोयींची भर पडत गेली. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ मध्ये एका मुलाखतीत सांगितले, की ते अजूनही डॉसवरील वर्डस्टार ४ वापरतात. लहान लिहिलेले अक्षर यंत्राने मोठे करावे, हे त्यांना मुळीच रुचत नव्हते.

९/
इंग्रजीत ही कटकट होती. देवनागरीत मात्र अर्थच मोडत होता. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. पडद्यावर मराठी दिसे, परंतु संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असे. कृतिदेवमध्ये लहान ‘डी’वर पूर्ण ‘क’, तर मोठ्या ‘डी’वर अर्धा ‘क्’ आहे. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याचा इंग्रजी शिष्टाचार वर्डने पाळला आणि ‘कमळ’चे ‘क्मळ’ झाले.

१०/
अवतरणचिन्हांची गत याहून वाईट. इंग्रजी कळफलकावर जेथे एकेरी अवतरणचिन्ह असते, त्याच कळीवर कृतिदेवमध्ये अर्धा ‘श्’ आहे, आणि दुहेरीच्या जागी अर्धा ‘ष्’. वर्डने सरळ चिन्हाचे वळणदार चिन्ह केले की ‘श’च्या जागी भलतेच काही उमटे. म्हणून जाणता टंकलेखक नव्या संगणकावर बसताच प्रथम ऑटोकरेक्टची खिडकी उघडून एकेक खूण काढून टाकत असे. मराठी लिहिण्यापूर्वी यंत्राचे इंग्रजी संस्कार उतरवणे भाग होते.

११/
दरम्यान साच्याचा धोकादायक चेहराही उघड झाला. वर्डच्या साच्यात मॅक्रो, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, साठवता येत. १९९५ मध्ये पसरलेला ‘कन्सेप्ट’ हा व्हायरस नेमका नॉर्मल डॉटमध्ये शिरे. त्यानंतर त्या संगणकावर जतन होणारे दस्तऐवज संसर्ग घेऊनच बाहेर पडत. मार्च १९९९ मधील ‘मेलिसा’नेही हाच साचा गाठला आणि आउटलुकमधील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत धाडली. जो साचा कोणी उघडून पाहत नव्हते, तोच सर्वांत सोयीचे दार ठरला.

१२/
अदृश्य निर्णय पुरावाही ठरू शकतात. सप्टेंबर २००४ मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या जुन्या लष्करी सेवेविषयी १९७२-७३ ची म्हणून काही टिपणे दाखवली. काही तासांतच वाचकांनी शंका घेतल्या. अक्षरांची रुंदी कमीजास्त होती आणि क्रमांकानंतरची इंग्रजी अक्षरे लहान व वर चढवलेली होती, जशी वर्ड आपोआप करतो. एकाने एक टिपण वर्डच्या मूळ मांडणीतच पुन्हा टाइप केले, तेव्हा दोन्ही प्रती विलक्षण जुळल्या. काही जुन्या टाइपरायटरांवरही अशी अक्षरे उमटत, असा प्रतिवाद झाला. परंतु टिपणे अस्सल असल्याचे सिद्ध करता येत नाही, हे वाहिनीला मान्य करावे लागले.

१३/
मराठीपुरता मूळ प्रश्न युनिकोडने सोडवला. त्यात ‘क’ला स्वतःचा क्रमांक मिळाला, देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नसल्याने ते मोठे करण्याचा मोह यंत्राला होण्याचे कारण उरले नाही. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट आला. तो घडवला होता मुंबईत अक्षररचना शिकवणारे कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. वर्षानुवर्षे लक्षावधी संगणकांवर देवनागरी उमटली ती या फॉन्टमध्ये, आणि तो बहुतेकांनी स्वतः निवडलेला नव्हता. डीफॉल्ट मराठी माणसाच्या हातचा असला, तरी तो डीफॉल्टच.

१४/
लगाम मात्र वापरणाऱ्याच्या हाती पहिल्यापासून होता. नको असलेली दुरुस्ती होताच ‘अनडू’ केले की शब्द पूर्ववत होतो. परिच्छेदाच्या खुणा दाखवणारे बटण दाबले की लपलेली मांडणी उघडी पडते. बिघडलेल्या नॉर्मल फाईलचे नाव बदलले की वर्ड पुढच्या वेळी नवी, स्वच्छ फाईल तयार करतो. मायक्रोसॉफ्टनेही २००७ पासून साध्या दस्तऐवजात मॅक्रोला जागा ठेवली नाही, आणि २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मुळातच रोखण्यास आरंभ केला. वाईट डीफॉल्टवरचा टिकाऊ उपाय शेवटी चांगला डीफॉल्टच ठरला.

१५/
भविष्यात विसाव्या शतकाच्या अखेरचे दस्तऐवज वाचणाऱ्या अभ्यासकाला मोडलेला ‘श’ किंवा अर्धा ‘क्’ दिसला, तर त्याने लेखकाच्या शुद्धलेखनाला दोष देण्याची घाई करू नये. त्या पानावर दोन हात चाललेले आहेत : एक लिहिणाऱ्याचा आणि दुसरा हजारो मैलांवर बसून ‘सर्वसाधारण’ म्हणजे काय हे ठरवणाऱ्याचा. त्या दुसऱ्याने मराठी वाक्य कधी पाहिले नसेल, पण ते कसे सुरू व्हावे हे त्याने ठरवून टाकले होते.