छिन्नमनस्कता : रक्तातील खूण आणि आहाराचा प्रश्न

१९०८ साली स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर ह्यांनी 'स्किझोफ्रेनिया' ही संज्ञा रूढ केली. 'दुभंगणे' आणि 'मन' ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ती बनली असून मराठीतील 'छिन्नमनस्कता' हा शब्द त्याच घडणीचा आहे. ही संज्ञा रोगाचे लक्षण सांगते. कारणाविषयी ती मौन पाळते. ते कारण रक्तात शोधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने मननीय आहे.

ह्या प्रयत्नांस बळ देणारी उदाहरणे होती. पेलाग्रा ह्या रोगात त्वचाविकार व अतिसार ह्यांबरोबर बुद्धिभ्रमही होतो, आणि अमेरिकेतील मनोरुग्णालयांत असे रुग्ण पुष्कळ असत. जोसेफ गोल्डबर्गर ह्यांनी १९१४ पासून केलेल्या संशोधनाने हा रोग संसर्गजन्य नसून आहारदोषजन्य आहे, असे दाखवून दिले. १९३७ साली एल्वेजेम ह्यांनी त्यावरील निकोटिनिक आम्लाचा गुण उजेडात आणला. पुढे १९६० साली गोपालन व श्रीकांतिया ह्यांनी दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्यांतील पेलाग्राकडे लक्ष वेधले. आहाराच्या उणिवेने मन बिघडते व ती भरून काढल्यास ते सावरते, हे अशा रीतीने सिद्ध झाले होते. मग छिन्नमनस्कतेतही तसेच का नसावे, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविकच होते.

१९५७ साली स्वीडिश संशोधक ओकरफेल्ट ह्यांनी एक रक्तपरीक्षा प्रसिद्ध केली. विशिष्ट रसायन मिसळले असता मनोरुग्णांच्या रक्तद्रवात रंग अधिक त्वरेने चढे. ताम्रयुक्त सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन त्याच्या मुळाशी मानले गेले. तथापि रक्तातील 'क' जीवनसत्त्व कमी असले तरीही हाच परिणाम दिसतो, आणि संत्र्याचा रस दिल्यावर 'रोगाची खूण' नाहीशी होते, असे लवकरच आढळून आले. रक्तद्रवाने सांगितली होती ती रुग्णालयातील जेवणाची कहाणी!

१९५९ साली सिमोर केटी ह्यांनी अशा सर्व सिद्धांतांची कठोर छाननी केली. दीर्घकाळ दाटीवाटीच्या रुग्णालयात राहिलेला रुग्ण आणि घरी राहणारा निरोगी मनुष्य ह्यांच्यात रोगाखेरीज आहार, संसर्ग, औषधोपचार असे अनेक भेद असतात. मूत्रातील एका तथाकथित खुणेचे मूळ तर रुग्णांच्या कॉफीपानात निघाले. हॉफर व ऑझमंड ह्यांनी पुरस्कारिलेला नायसिनच्या मोठ्या मात्रांचा उपचारही पुढील नियंत्रित चाचण्यांत टिकला नाही. १९७३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या समितीने त्याविरुद्ध अभिप्राय दिला.

म्हणून आहाराचा प्रश्न निकालात निघाला काय? नाही. १९४४–४५ च्या हिवाळ्यात नेदर्लंड्समध्ये पडलेल्या दुष्काळाच्या ऐन तीव्रतेत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात हा रोग सुमारे दुप्पट आढळला, असे सुसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखविले. चीनमधील १९५९–६१ च्या दुष्काळाच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्यास पुष्टी दिली. येथे उपासमार आधीची व रोग नंतरचा. कालक्रमाविषयी संदेहास जागा नाही. उपासमारीतील नेमका कोणता घटक ह्याला जबाबदार, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

छिन्नमनस्कतेचे निदान करणारी रक्तपरीक्षा आजही उपलब्ध नाही. जीवनसत्त्वे, होमोसिस्टीन वा दाहदर्शक प्रथिने ह्यांचे आकडे पुढे ठेवणाऱ्या संशोधकाने म्हणूनच प्रथम एक प्रश्न विचारावयास हवा : हे रक्त रोगाविषयी बोलते आहे, की रोग्यास आपण ज्या स्थितीत ठेवले तिच्याविषयी? दुसरे उत्तर खरे ठरले, तर तेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. ओकरफेल्ट ह्यांच्या परीक्षेने रोगाचे कारण सांगितले नसेल. परंतु रुग्णांना पुरेसे 'क' जीवनसत्त्व मिळत नव्हते, हे तिने निश्चित सांगितले होते.