वाळूचा कृष्णधवल दस्तऐवज : नसरीन मोहमदी यांची किनाऱ्याची छायाचित्रे आणि रायगडचा स्थानिक इतिहास

प्रस्तावना :
जिल्ह्याचा इतिहास लिहिताना बखरी, सनदा, पत्रव्यवहार, शिलालेख आणि गॅझेटिअर ही साधने आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांत छायाचित्रांची भर पडली. तथापि साधन म्हणून ज्यांचा विचार होतो ती छायाचित्रे बहुधा किल्ल्याची, देवळाची, पुलाची, सभेची अथवा थोर व्यक्तीची असतात. ओहोटीनंतर वाळूवर उरलेला पाण्याचा माग, फुटका शिंपला किंवा वाऱ्याने पाडलेल्या रेघा जवळून टिपलेले कृष्णधवल छायाचित्र इतिहासाच्या अभ्यासकापुढे आले, तर तो ते कलासमीक्षकाकडे सोपवून मोकळा होतो. रायगड जिल्ह्यापुरते तरी असे करणे योग्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. किहीमच्या किनाऱ्याशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या चित्रकर्त्री नसरीन मोहमदी (1937–1990) यांच्या छायाचित्रांच्या आधारे या मताची तपासणी येथे केली आहे. महाड आणि पोलादपूर या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही हा विषय येथल्या वाचकापुढे का ठेवावा, याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात आपोआप मिळेल.

पूर्वपीठिका :
समुद्रकाठच्या निसर्गवस्तूंची प्रतिमा घेण्याचा उद्योग छायाचित्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स यांनी 1843 पासून समुद्रशैवालांच्या प्रतिमांचे पुस्तक भागशः प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी कॅमेरा वापरला नव्हता. रसायन लावलेल्या कागदावर शैवाल ठेवून तो उन्हात धरला की निळ्या पार्श्वभूमीवर त्याची पांढरी आकृती उमटत असे. छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी, तसेच हरिश्चंद्र चिंतामण ही या पहिल्या पिढीतील नावे होत. या पिढीचा कल वास्तू, लेणी आणि माणसे यांच्याकडे होता. सरकारला देशाची व देशातील लोकांची नोंद हवी होती हे त्याचे एक कारण; दुसरे कारण तंत्रातले होते. कलोडियनचा लेप दिलेली काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवावी लागे. वस्तू जितकी जवळून टिपावी तितके भिंग काचेपासून दूर न्यावे लागते, प्रकाश कमी पडतो आणि वेळ अधिक द्यावा लागतो. वारा, खारी हवा आणि क्षणोक्षणी बदलणारे पाणी यांच्या सान्निध्यात हे साधणे जवळजवळ अशक्यच होते. त्या काळात पुळण कोणी टिपली नाही याचा दोष केवळ दृष्टीला देता येणार नाही.

निसर्गवस्तूकडे जवळून आणि धीराने पाहण्याचे मराठी माणसाचे एक महत्त्वाचे उदाहरण आपण सहसा चित्रपटाच्या खात्यात जमा करतो. दादासाहेब फाळके यांनी 1890 साली बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतले होते. 1912 साली भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे एकेक चित्र घेत ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. पुराणकथा पडद्यावर येण्यापूर्वी एक अंकुर आला होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

पाश्चात्त्य देशांत 1920 नंतरच्या दशकात ही दृष्टी स्वतंत्र कलाप्रकार म्हणून स्थिरावली. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ड यांचा वनस्पतींच्या निकटचित्रांचा ग्रंथ 1928 साली निघाला. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी 1927 साली शंखाची छायाचित्रे घेतली आणि पुढे कॅलिफोर्नियातील पॉइंट लोबोस येथील खडक व समुद्रशैवाल यांच्याकडे ते वळले. वेस्टन यांच्या चित्रांना वस्तूचे नाव, वर्ष आणि पुष्कळदा क्रमांकही असतो. हा तपशील पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावा.

किहीम आणि नसरीन मोहमदी :
नसरीन मोहमदी यांचा जन्म 1937 साली कराची येथे झाला. आई लहानपणीच गेली आणि कुटुंब 1944 साली मुंबईस आले. वडिलांचे बहारिनमध्ये छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकान होते. कॅमेरा ही त्या काळी सामान्य घरात दुर्मीळ असलेली वस्तू त्यांच्या घरात व्यापाराचीच होती. 1954 ते 1957 या काळात त्यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिक्षण घेतले. परतल्यावर मुंबईच्या भुलाभाई देसाई संस्थेत त्यांचा वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या ज्येष्ठ चित्रकारांशी निकटचा संबंध आला. 1961 साली मुंबईत पहिले एकल प्रदर्शन, त्यानंतर पॅरिस, पुढे दिल्ली आणि 1972 पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विभागात अध्यापन, असा त्यांचा क्रम आहे. शाई आणि पेन्सिलीने कागदावर आखलेल्या अतिशय सूक्ष्म रेषांसाठी त्या ओळखल्या जातात. अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने हातावरचा ताबा सुटत असतानाही त्यांनी ही रेघ ढळू दिली नाही. अलिबाग तालुक्यातील किहीम येथे त्या वारंवार येऊन राहत. तेथेच मे 1990 मध्ये त्यांचे निधन झाले.

रेखाचित्रांच्या बरोबरीने त्या कृष्णधवल छायाचित्रे घेत होत्या. रस्त्यावरचे पट्टे, मागावर ताणलेला ताणा, फतेहपूर सिक्रीची फरसबंदी आणि समुद्रकाठची वाळू हे त्यांचे विषय. आपल्या हयातीत त्यांनी ही छायाचित्रे प्रदर्शनात मांडली नाहीत. त्यांचे बंधू, चित्रकार अल्ताफ यांनी संपादित केलेला स्मृतिग्रंथ 1995 साली निघाला. 2007 साली जर्मनीतील कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांचे काम गेले आणि मार्च 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयाचे (हे पुढे 2020 साली बंद झाले) दार ज्या प्रदर्शनांनी उघडले त्यांत त्यांचे सिंहावलोकी प्रदर्शन होते. किहीमची पुळण अशा रीतीने न्यूयॉर्कला पोचली. तिच्याच जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत मात्र तिचा शोध घ्यावा लागतो.

किनाऱ्यावरच्या छायाचित्रांत क्षितिज बहुधा नसते किंवा चौकटीच्या अगदी कडेला ढकललेले असते. माणूस नाही, होडी नाही, सुरूचे झाड नाही. ओहोटीचे पाणी मागे सरताना वाळूवर जे ओघळ, पट्टे आणि फाटे उमटवते तेवढेच चौकटीत राहते. मोजमापासाठी दुसरी वस्तू नसल्यामुळे समोरचा पट्टा हातभर आहे की फर्लांगभर, हे एकदम कळत नाही. कृष्णधवल माध्यमाची निवड शुद्ध सौंदर्यदृष्टीतून झाली असे मात्र लगेच मानू नये. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर निर्बंध होते. उटकमंडला 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म बाजारात आली तरी रंगीत चित्रण सर्वसामान्यांना दीर्घकाळ महागच होते. घरच्या अंधाऱ्या खोलीत स्वतः धुता येईल, हवे तसे कापून मोठे करता येईल, असे माध्यम कृष्णधवलच होते. गरज आणि आवड यांची येथे सांगड पडली असावी.

स्थळकाळाचा प्रश्न :
इतिहासाच्या दृष्टीने खरी अडचण येथून सुरू होते. या छायाचित्रांना शीर्षक नाही. बहुतेकांवर तारीख नाही, स्थळ नाही. संग्रहालये त्यांपुढे ‘सुमारे’ हा शब्द घालून दशक लिहितात. वेस्टन यांचा शंख ज्या सालातला त्या सालात ठेवता येतो. हे ओघळ कोठे ठेवावेत? याच किहीमला 1930 साली डॉ. सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचा अभ्यास केला. कोणत्या घरट्यात कोणती मादी केव्हा आली, नर दुसरे घरटे केव्हा बांधू लागला, याच्या दिवसवार नोंदी त्यांनी ठेवल्या आणि त्यांच्या बळावरच सुगरणीच्या नराचे क्रमाने अनेक माद्यांशी जोडी जमवण्याचे वर्तन सिद्ध झाले. एकाच गावातील दोन निरीक्षक; एकाची प्रत्येक ओळ तारखेने बांधलेली, दुसरीच्या चित्रावर तारीखच नाही. नसरीन रोजनिशी लिहीत, म्हणजे तारखेचे त्यांना वावडे नव्हते. चित्रावर ती घातली नाही, ही निवड मानली पाहिजे.

अशा चित्रांबाबत स्थानिक इतिहासकाराला एक मोह होतो. ‘आपल्या जिल्ह्यातले’ म्हणून सर्व वाळू किहीमच्या खात्यावर टाकावी, असा तो मोह आहे. तो आवरला पाहिजे. नसरीन यांचे कुटुंब बहारिनमध्ये होते, त्यांचे तिकडे जाणे-येणे होते आणि वाळू वाळवंटातही असते. शिवाय ‘रायगड जिल्हा’ हे नाव 1981 पासूनचे. त्यापूर्वी घेतलेले किहीमचे चित्र कुलाबा जिल्ह्याचे ठरते. बाह्य पुरावा अपुरा असेल तर अंतर्गत पुराव्याकडे वळणे ही आपल्या विषयाची जुनी रीत आहे. कागद, शाई, अक्षरवळण यांवरून आपण अस्सल-नक्कल ठरवतो. मग वाळूचे अक्षरवळण का पाहू नये?

काळा कण, पांढरा कण :
येथे सह्याद्रीचा संबंध येतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी सावित्री पोलादपूर आणि महाड तालुक्यांतून वाहत हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या दरम्यान समुद्राला मिळते. घाटाचा हा सारा कडा बेसॉल्टचा, आपल्या बोलण्यातल्या काळ्या कातळाचा. पावसाने तो झिजतो, तेव्हा त्यातील मॅग्नेटाइट व इल्मेनाइट ही जड, काळी खनिजे वेगळी होतात आणि नदीबरोबर खाली जातात. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील इल्मेनाइटचे साठे भूवैज्ञानिकांना परिचित आहेत. पुळणीतला फिकट भाग याहून निराळा. त्यात गारगोटीच्या कणांबरोबर शिंपल्यांचा चुरा पुष्कळ असतो. लाट परतताना हलके कण ओढून नेते, जड कण जागीच राहतात, आणि फिकट वाळूवर काळ्या रेघा उमटतात. घाटमाथ्याचा दगड आणि समुद्रातला जीव यांचे अवशेष असे एकमेकांशेजारी पसरतात. कोकणच्या पुळणीचे कृष्णधवल रूप कॅमेऱ्याने दिलेले नसून काही अंशी तिचे मूळचेच आहे. किहीमला सावित्रीची वाळू येते, असे येथे सुचवायचे नाही. तेथील पुळणीला उत्तरेकडच्या लहान नद्या आणि खाड्या जवळच्या. परंतु कडा तोच आणि कातळही तोच.

छायाचित्रात गडद दिसणाऱ्या भागाची तीन कारणे संभवतात : सावली, ओल आणि काळे खनिज. सावली उंचवट्याच्या एकाच बाजूस पडते आणि उन्हाच्या दिशेशी जुळते. ओल पाण्याच्या उतारावर पसरते, तिची कड मऊ असते, आणि तेथे आकाशाचे प्रतिबिंब चमकण्याचा संभव असतो. खनिजाची रेघ मात्र ओघळाच्या वळणाशी बांधलेली असते. उजेड कोणत्याही बाजूने आला तरी ती गडदच राहते. नसरीन यांच्या एखाद्या चित्रात ही तिसरी खूण निश्चितपणे दाखवता आली, तर ते आखाती वाळवंटातले असण्याची शक्यता बरीच कमी होते. गावाचे नाव त्यातून कळणार नाही. पण दगडाचे कूळ कळेल. भरतीच्या खुणांनाही हाच न्याय लावता येईल. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते, उधाणाला पाणी दूरवर हटते आणि भांगाला त्याची ये-जा आखडते. रुंद उघडी पुळण आणि तिच्यावरचे लांब ओघळ उधाणाच्या ओहोटीकडे बोट दाखवतात. तारीख नव्हे, तरी तिथीच्या आसपासचा अंदाज बांधता येतो.

छायाचित्रे ही रेखाचित्रांची पूर्वतयारी होती की स्वतंत्र निर्मिती, असा वाद समीक्षेत आहे. क्रमच ठाऊक नसताना ‘पूर्वतयारी’ हा शब्द वापरणे प्रस्तुत लेखकास घाईचे वाटते. वाळूतली रेघ आधी पाहिली आणि मग कागदावर आखली, की कागदावर आखता आखता डोळा वाळूत तशी रेघ शोधू लागला, हे तारखांशिवाय ठरवता येत नाही.

या चर्चेला आज आणखी एक बाजू आहे. सावित्रीच्या वाळूचा उपसा हा महाड परिसरातला जुना वादविषय असून, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेल्यानंतर तो अधिक तीव्रतेने मांडला गेला. नदीतून उचललेला कण समुद्राला पोचत नाही. पुळण कशी होती, तिच्यावर काळ्या रेघा किती दाट उमटत, याची जुनी नोंद शोधू गेल्यास गॅझेटिअरमध्ये बंदरे, मीठ, मासळी आणि जकात यांची माहिती मिळते. वाळूविषयी फारसे काही हाती लागत नाही. अशा वेळी एका चित्रकर्त्रीने कोणत्याही शासकीय हेतूवाचून घेतलेली काही छायाचित्रे हे पुळणीच्या पृष्ठभागाचे दुर्मीळ जुने साधन ठरतात, स्थळकाळाच्या वर सांगितलेल्या सर्व मर्यादा धरूनही.

तुलनेसाठी आज घेतलेल्या चित्रांची जोड लागेल. पोलादपूरचे नदीपात्र, महाड, दासगावची खाडी, हरिहरेश्वर आणि किहीम या पाच ठिकाणची वाळू एकाच उधाणाच्या ओहोटीला, तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून कृष्णधवल टिपावी. चिमूटभर नमुना घेऊन त्यातील काळे कण चुंबकाने वेगळे करून पाहावेत आणि प्रत्येक चित्रामागे स्थळ, वेळ व तिथी लिहून ठेवावी. इतिहास, भूगोल आणि रसायनशास्त्र या तीन विभागांच्या विद्यार्थ्यांना मिळून एका हिवाळ्यात हे काम उरकता येईल. खर्च म्हटला तर एसटीच्या भाड्याचा.