चहाच्या कपावर उभा राहिलेला दावा

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एखाद्या अविवाहित मुलीला कुणी फूस लावली आणि ती गरोदर राहिली, तर दिवाणी न्यायालयात दावा लावायचा तो बापाने. मुलगी राजी होती, मग तिचे नुकसान कसले, असा कायद्याचा हिशेब. त्यामुळे तिला स्वतःला दाद मागता येत नसे. पण घराची अब्रू गेली, एवढ्यावर बापाचेही भागत नसे. मुलगी आपली चाकरी करत होती आणि प्रतिवादीमुळे आपण त्या चाकरीला मुकलो, हे वादपत्रात लिहावेच लागे. बाप धनी, मुलगी नोकर!

चाकरी किती हवी? बापाला चहा करून दिला तरी पुरे, इतकी न्यायालये सैल होती. एकदा हा उंबरठा ओलांडला, की ज्युरी बुडालेल्या कामाचे पैसे मोजत बसत नसे. बापाची मानहानी आणि मनस्ताप धरून भरपाई देई.

उंबरठ्यावरच अडखळे तो गरीब. १८४४च्या ग्रिनेल विरुद्ध वेल्स खटल्यातली मुलगी मोलमजुरी करून पोट भरणारी होती. तिच्या बाळंतपणाचा खर्च आपल्यावर पडला, असे बापाने मांडले. ज्युरीने कौल त्याच्याच बाजूने दिला, पण वादपत्रात चाकरी बुडाल्याचा उल्लेख नव्हता. निकाल हातचा गेला. या खटल्याच्या छापील वृत्तांताला जोडलेल्या टिपेत मॅनिंग या वकिलाने दुखण्यावर नेमके बोट ठेवले: अधूनमधून चहा करणाऱ्या मुलीच्या श्रीमंत बापाला संरक्षण, आणि परक्यांच्या घरी राबायला मुलगी पाठवणाऱ्या गरिबाला काहीच नाही.

अमेरिकेत काही राज्यांनी ही अट मोडली. आयोवाने १८५१च्या संहितेत अविवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा लावू दिला. कॅलिफोर्नियाने १८७२मध्ये तसेच केले. पुढे खोटे दावे लावून पैसे उकळले जातात, अशी ओरड झाली आणि १९३०च्या दशकात अनेक राज्यांनी हे दावेच बंद केले. इंग्लंडने ते १९७०च्या कायद्याने मोडीत काढले.

भारताच्या १९६३च्या मुदत कायद्यात मात्र अनुच्छेद ७७ला जागा मिळाली. वादीच्या नोकराला किंवा मुलीला फूस लावल्यामुळे चाकरी बुडाली, तर भरपाईच्या दाव्याला तो एक वर्षाची मुदत देतो. वर्ष मोजायचे ते चाकरी बुडाल्या दिवसापासून.