ब्रेक लागलेल्या मोटारीवरील निव्वळ बल : तात्यापाऱ्यातील एक उदाहरण

रायपूर शहरातील तात्यापारा ही जुनी वस्ती. छत्तीसगडीत 'पारा' म्हणजे मोहल्ला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेशी निगडित होता. शहरातील मराठी कुटुंबांची वस्ती ज्या भागांत रुजली, त्यांत तात्यापारा मोडतो. येथून जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजे 'जीई रोड', हा पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ चा शहरातील भाग होता. तात्यापारा चौक ते शारदा चौक हा त्याचा अरुंद पट्टा असून त्याच्या रुंदीकरणाचा प्रश्न अनेक वर्षे गाजत राहिला. दुकाने, रिक्षा, दुचाकी आणि पादचारी यांच्या गर्दीत येथे चालकाचा पाय सतत ब्रेकवर असतो. गतीच्या समीकरणांचा अर्थ समजून घेण्यासाठी हे ठिकाण पाठ्यपुस्तकातील मोकळ्या रस्त्यापेक्षा अधिक उपयुक्त आहे.

प्रवाशांसह १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने येत आहे, असे मानू. ब्रेक लागल्यानंतर ती १० मीटर अंतरात थांबली. तिच्यावर सरासरी किती निव्वळ बल लागले?

प्रथम वेग मीटर प्रतिसेकंदात आणावा लागतो. ३६ ला ३.६ ने भागले असता १० मीटर प्रतिसेकंद मिळतात. वेळ दिलेला नसल्याने तिसरे समीकरण उपयोगी पडते : अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन. अंतिम वेग शून्य आहे. म्हणून ० = १०० + २ × त्वरण × १०. यावरून त्वरण उणे ५ मीटर प्रतिसेकंद वर्ग येते. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार बल = वस्तुमान × त्वरण, म्हणजे उणे ५,००० न्यूटन. उणे चिन्हाचा अर्थ बल 'कमी' आहे असा नाही. ते गतीच्या विरुद्ध दिशेने आहे, एवढाच. मोटार थांबण्यास २ सेकंद लागले, हे पहिल्या समीकरणाने पडताळता येते.

विद्यार्थी येथे एक चूक हमखास करतात. ३६ हा आकडा तसाच घातला तर उत्तर ६४,८०० न्यूटन येते. हे बल मोटारीच्या वजनाच्या साडेसहा पट आहे आणि रस्त्यावरील कोणताही साधा टायर ते देऊ शकत नाही. उत्तराकडे असे व्यवहाराच्या नजरेने पाहण्याची सवय गुण मिळवण्यापलीकडेही कामाची आहे.

निव्वळ बल म्हणजे ब्रेकचे बल, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. ब्रेक चाकाला धरतो. पण तो मोटारीचाच भाग आहे. मोटारीला बाहेरून मागे खेचते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण. त्यात हवेचा विरोध मिळतो, परंतु या वेगाला तो काही दहा न्यूटनच असतो. वजन खाली आणि रस्त्याची प्रतिक्रिया वर, ही दोन बले सपाट रस्त्यावर परस्परांना रद्द करतात. मात्र घर्षणाची मर्यादा त्याच प्रतिक्रियेवर ठरते. मोटारीचे वजन सुमारे ९,८०० न्यूटन आहे. कोरड्या डांबरी रस्त्यासाठी घर्षणांक ०.७ धरल्यास घर्षण ६,८६० न्यूटनपर्यंत जाऊ शकते, म्हणजे ५,००० न्यूटन सहज मिळतात. पावसात घर्षणांक ०.४ वर आला तर मर्यादा ३,९२० न्यूटन होते. मग चालकाने कितीही जोराने पाय दाबला तरी मोटार १० मीटरमध्ये थांबत नाही. तिला सुमारे १२.८ मीटर लागतात. चाके जखडली तर स्टिअरिंगही ऐकत नाही. ती जखडू नयेत यासाठीच एबीएस यंत्रणा असते.

आता तीच मोटार ताशी ५४ किलोमीटर वेगाने, म्हणजे १५ मीटर प्रतिसेकंद वेगाने येत आहे, असे धरू. बल तेच ५,००० न्यूटन. वेग दीडपट झाला, परंतु समीकरणात वेगाचा वर्ग असल्याने थांबण्याचे अंतर सव्वादोन पट, म्हणजे २२.५ मीटर होते.

यात चालकाच्या प्रतिसादाचा वेळ धरलेला नाही. अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला, असे मानल्यास पहिली मोटार १० मीटर तशीच पुढे जाते आणि एकूण २० मीटरवर थांबते. दुसरी एका सेकंदात १५ मीटर जाते; त्या २० मीटरच्या खुणेपर्यंत ब्रेकला केवळ ५ मीटर उरतात. तेथे तिच्या वेगाचा वर्ग २२५ वजा ५० म्हणजे १७५ असतो. वर्गमूळ सुमारे १३.२ मीटर प्रतिसेकंद, अर्थात ताशी ४७ ते ४८ किलोमीटर. पहिली मोटार ज्या जागी रस्ता ओलांडणाऱ्या माणसापुढे उभी राहिली असती, त्या जागी दुसरी जवळजवळ पूर्ण वेगाने पोहोचते.